धातू विरघळवणारे जीवाणू : खाणीपासून चोपण जमिनीपर्यंत



ज्यांनी द्राक्षबाग केली आहे त्यांना बोर्डो मिश्रणाची परीक्षा ठाऊक आहे. मोरचुदाचे पाणी आणि चुन्याची निवळी एकत्र केली की त्यात चकचकीत विळा किंवा खिळा थोडा वेळ बुडवून पाहायचा. लोखंडावर तांबूस थर चढला तर समजायचे, की चुना कमी पडला आणि तांबे मोकळे राहिले. मग आणखी निवळी घालायची. हा तांबूस थर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून निव्वळ तांबे असते. पाण्यात विरघळलेले तांबे लोखंडावर येऊन बसते आणि तेवढेच लोखंड पाण्यात उतरते.

आपण ज्याला चुकीची खूण समजतो, त्याच गोष्टीवर जगात कित्येक वर्षे तांब्याचा धंदा चालला. खाणीतून वाहणारे निळसर पाणी भंगार लोखंडाच्या हौदातून सोडायचे आणि तळाला बसलेले तांबे खरवडून काढायचे. स्पेनमधील रिओ टिंटो खाणीत अठराव्या शतकापासून हे चाले. पण दगडातले तांबे आधी पाण्यात उतरवते कोण, हे मात्र कोणाला माहीत नव्हते. लोक म्हणत, हवा-पाण्याचा गुण आहे.

ते काम करणारा गडी १९४७ साली सापडला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींतून लिंबाच्या रसाहून आंबट पाणी बाहेर येई. कोल्मर आणि हिंकल या दोघांनी त्या पाण्यात एक जीवाणू शोधून काढला. पुढे त्याला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स असे नाव मिळाले. २००० सालापासून शास्त्रज्ञ त्याला अ‍ॅसिडीथायोबॅसिलस म्हणू लागले आहेत. नाव लांबलचक असले, तरी त्याचा स्वभाव शेतकऱ्याला समजण्यासारखा आहे, आणि तो समजून घेण्यात आपला फायदाही आहे. कसा, ते पुढे पाहू.

हा जीवाणू खातो तरी काय?

आपल्या ओळखीचे बहुतेक सूक्ष्म जीव गोडाचे किंवा कुजक्याचे भोक्ते. डिस्टिलरीतले यीस्ट मोलॅसिसमधली साखर खाते, शेणखतातले जीवाणू पाचट खातात. हा मात्र साखरेला तोंड लावत नाही. त्याचे खाद्य म्हणजे गंधक आणि हिराकस. अंग वाढवायला लागणारा कार्बन तो उसाप्रमाणेच हवेतून घेतो. पण उसाला त्यासाठी ऊन लागते, याला लागत नाही. खडकाच्या भेगेत, अंधारात त्याचा संसार सुखाने चालतो.

हिरवट हिराकस गोणीत उघडा राहिला तर पिवळा-तांबडा पडतो, हे आपण पाहतो. लोखंडाचे एक रूप जाऊन दुसरे येते. तीव्र आम्लात हा बदल नुसत्या हवेने अतिशय सावकाश होतो. जीवाणू असेल तर तोच बदल काही लाख पटींनी जलद होतो. या बदलातून निघणाऱ्या शक्तीवर तो जगतो. तयार झालेले पिवळे लोखंड मोठे जहाल. तांबे आणि गंधक एकत्र बांधले गेलेल्या दगडावर ते तुटून पडते. गंधक मोकळा होतो, त्याचे जीवाणू गंधकाम्ल करतो, तांबे मोरचूद होऊन पाण्यात उतरते. दगडावर खर्ची पडलेले लोखंड पुन्हा हिराकसाच्या रूपात येते आणि जीवाणूला परत खाद्य मिळते. रहाट एकदा सुरू झाला की फिरत राहतो. बाहेरून हवा, पाणी आणि थोडेसे आम्ल पुरते.

सामू दीड ते अडीच असला की त्याला मानवते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास. म्हणजे ही नेमकी जात आपल्या रानात सुखाने नांदणार नाही. तिची भावंडे मात्र नांदतात, त्यांच्याकडे येऊच.

खाणीवाल्यांना या जीवाणूचे महत्त्व असे, की भट्टीत घालणे परवडत नाही इतके कमी तांबे असलेला दगड पूर्वी डोंगराएवढा ढीग करून टाकून दिला जाई. आता तो फोडून, खाली न गळणारे अस्तर घालून रचतात, वरून आंबट पाण्याचे तुषार सोडतात आणि खाली निथळलेल्या पाण्यातून तांबे काढतात. चुलीशिवाय, धुराशिवाय. अमेरिकेतील केनेकॉट कंपनीने १९५८ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळवले. दक्षिण आफ्रिकेतील फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून सोन्याच्या खनिजावर मोठ्या टाक्यांतून हेच जीवाणू कामाला लावले गेले. युगांडातील कासेसे येथे जुन्या तांब्याच्या खाणीने टाकून दिलेल्या गाळातून १९९९ पासून कोबाल्ट काढला गेला. आपल्या शेजारी, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडची तांब्याची खाण आहे. तिथल्या हलक्या प्रतीच्या दगडावर जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेने असेच प्रयोग केले आहेत.

उणी बाजूही सांगितली पाहिजे. काम सावकाश चालते. टाकीत दिवस लागतात, ढिगाला महिने आणि कधी वर्षे. आणि अस्तर फाटले, बांध फुटला तर तेच आंबट, धातूमिश्रित पाणी ओढ्याला जाते. फिनलंडमधील ताल्विवारा खाणीत २००८ साली जीवाणूंनी निकेल काढायला सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये तिथल्या तळ्यातून गळती होऊन आसपासचे पाणी खराब झाले. जीवाणू वापरला म्हणून उद्योग आपोआप सोवळा होत नाही.

पुण्यातील काम

आघारकर संशोधन संस्थेचे नाव आपल्याला या ना त्या कारणाने माहीत आहे. एमएसीएस ६२२२ गहू, एमएसीएस ११८८ सोयाबीन ही त्यांचीच वाणे. एमएसीएस म्हणजे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. मालवणकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात ही संस्था निघाली आणि १९९२ मध्ये तिला त्यांचे नाव दिले गेले. गहू-सोयाबीनवाल्या या संस्थेतच धातू आणि सूक्ष्म जीव या विषयावर कित्येक वर्षे काम झाले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

तिथे डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ज्या प्रश्नाला हात घातला तो खाणीच्या उलटा आहे. खाणीत धातू दगडातून पाण्यात आणायचा असतो. कारखान्याच्या सांडपाण्यात तो आधीच विरघळलेला असतो. तिथे त्याला पाण्यातून बाहेर काढायचे असते. त्यासाठी जिवंत जीवाणू लागतोच असे नाही. मेलेल्या बुरशीचा चोथासुद्धा धातू धरून ठेवतो. पेशीच्या भिंतीवर अशा जागा असतात, की शिसे, जस्त, तांबे त्यांना चिकटून बसते. लोकरीच्या घोंगडीला गोखरू चिकटावे तसे. नंतर तो चोथा थोड्या आम्लाने धुतला की धातू दाट पाण्याच्या रूपाने वेगळा मिळतो आणि चोथा पुन्हा वापरता येतो. पेनिसिलिन बनवणारी बुरशी, औषध काढून घेतल्यावर उरलेला अशा तऱ्हेचा गाळ, यांवर त्यांनी प्रयोग केले. एका उद्योगाच्या उकिरड्याने दुसऱ्या उद्योगाचे पाणी धुवायचे, अशी ही कल्पना.

इथे आपल्या कारखान्याचा विषय निघणारच. डिस्टिलरीतील यीस्टचा गाळ, चिपाडाची राख, प्रेसमड हे सारे पदार्थ धातू धरण्यासाठी निरनिराळ्या प्रयोगशाळांत तपासले गेले आहेत आणि ते कमी-अधिक प्रमाणात धातू धरतातही. मग मोलॅसिसवर अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवता येते. ती सायट्रिक आम्ल तयार करते, आणि त्या आम्लाने राखेतले, वाया गेलेल्या रासायनिक मसाल्यातले धातू सुटतात. नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणींत मिळते तशा मँगनीजच्या दगडावर गंधक खाणारा जीवाणू एकटा फारसा चालत नाही, कारण तो दगड बहुतेक गंधकाचा नसतो. तिथे साखरेसारखे खाद्य लागते, आणि मोलॅसिस वापरून मँगनीज सोडवण्याचे प्रयोगही झालेले आहेत.

पण हिशेब मांडला पाहिजे. मोलॅसिसला आज इथेनॉलची वाट मोकळी आहे. टनामागे चार पैसे जास्त मिळत असताना ते दगडावर ओतायला कोणीही संचालक तयार होणार नाही, आणि आम्ही सभासद म्हणून तसे सुचवणारही नाही. साखर खाणारे जीव महागात पडतात, गंधक खाणारे स्वस्तात पडतात. या एका कारणाने खाणींत बहुतेक ठिकाणी दुसरेच टिकले.

पुण्यासारख्या शहरात खरी नवी खाण आहे ती भंगारात. जुने मोबाईल, संगणक यांच्या हिरव्या पाट्यांवर तांबे असते, थोडे सोनेही असते. टनाला चार-पाच ग्रॅम सोने देणारा दगड खाणीत चांगला समजतात. मोबाईलच्या पाट्यांत टनामागे त्याच्या कित्येक पट असते. आज गल्लीबोळांत या पाट्या उघड्यावर जाळून, आम्लात बुडवून सोने काढणारे आहेत, आणि उरलेले आम्ल गटारात जाते. जीवाणूंनी आधी तांबे विरघळवायचे आणि मग सोन्याकडे वळायचे, हा मार्ग प्रयोगशाळांत दाखवला गेला आहे. क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम नावाचा जांभळा जीवाणू स्वतःच सायनाइड तयार करून सोने विरघळवतो. पण त्याच्याकडून मिळणारे सायनाइड इतके थोडे असते, की सराफ कट्ट्याला सध्या तरी त्याची धास्ती बाळगायला नको. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी आपल्या देशात २०११ मध्ये नियम झाले, २०१६ व २०२२ मध्ये ते बदलले. घरातला जुना मोबाईल भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता नोंदणी असलेल्या संकलकाकडे द्यावा, एवढे तरी आपण करू शकतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची स्वच्छ ही सहकारी संस्था आहे. सहकारातली माणसे म्हणून तिचे नाव आपणांस माहीत असावे.

गटारातला धातू आणि आपला ऊस

हे सारे शहराचे प्रकरण, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध पाण्याचा आहे. पुणे शहराचे सांडपाणी प्रक्रियेनंतर मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडायची योजना झाली. वर्षाला ६.५ टीएमसी पाणी अशा रीतीने शेतीला द्यायचे ठरलेले आहे. हवेली-दौंडकडच्या कितीतरी उसाचे पाट या पाण्यावर चालतात. मुळा-मुठा आणि भीमेवरून उपसा करणारेही त्याच नशिबाचे धनी.

सांडपाण्यातले शेण-मूत, साबण हे जीवाणू खाऊन संपवतात. धातूचे तसे नाही. इथे एक गैरसमज मुळापासून काढला पाहिजे. जीवाणू धातू 'खातो' असे आपण सवयीने बोलतो, पण कोणताही जीवाणू धातू नाहीसा करू शकत नाही. तो त्याला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो, विरघळवतो किंवा गाळात बसवतो. सहा रूपांचे जहाल क्रोमियम तो तीन रूपांचे, कमी विषारी करू शकतो. पण क्रोमियम तेवढेच राहते. मुलामा देण्याच्या कारखान्याने निकेल-क्रोमियमचे पाणी चोरून गटारात सोडले, तर शुद्धीकरण केंद्रात त्यातला बराच धातू गाळात बसतो. पाणी पुढे येते, गाळ कुठेतरी खत म्हणून येऊ पाहतो. दोन्हींचा रस्ता रानाकडे.

रानात साठलेल्या धातूने काय होते, याचा एक जुना आणि फार बोलका दाखला आहे. इंग्लंडमध्ये वोबर्न येथे १९४२ साली एक प्रयोग सुरू झाला. काही वाफ्यांना शहराच्या मैल्याचा गाळ दिला, काहींना शेणखत. गाळ देणे १९६१ मध्ये थांबवले. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ गेल्यावर शास्त्रज्ञांनी तिथे क्लोव्हर हे द्विदल गवत लावून पाहिले. गाळाच्या वाफ्यांत ते खुरटे राहिले. जमिनीत उरलेले रायझोबियम मुळांवर गाठी करत होते, पण त्या गाठी हवेतला नत्र धरत नव्हत्या. धातूंच्या माऱ्यात कामाचे वाण मेले आणि बिनकामाचे तेवढे तगून राहिले. पिकावर डोळ्यांना दिसेल असा रोग नव्हता, हे विशेष. उसानंतर आपण हरभरा, सोयाबीन, ताग घेतो तो कशासाठी? नत्रासाठीच ना? जीवाणू संवर्धकाचे पाकीट आणून बियाण्याला चोळायचे आणि जमिनीत त्याच जीवाणूचा वैरी साठवत जायचे, असे होऊ नये.

आपल्या पाण्यात हे धातू आहेतच असे आम्ही म्हणत नाही. ते तपासणीवाचून कोणालाच म्हणता येणार नाही, आणि 'नाहीतच' असेही म्हणता येणार नाही. म्हणून विकासनगरचा असो की नदीकाठचा, प्रत्येक उपसा संस्थेने वर्षातून एकदा पाण्याची व गाळाची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल सभासदांपुढे ठेवावा. शहरी कंपोस्ट विकत घेताना तर तपासणीचा कागद मागितल्याशिवाय गाडी उतरवून घेऊ नये. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५० आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

आणि उद्या कोणी उद्योजक आपल्या कारखान्याकडे प्रेसमड किंवा यीस्टचा गाळ मागायला आला, धातूचे पाणी गाळायला नेतो म्हणाला, तर खुशाल द्यावा. पण वापरलेला माल परत कंपोस्टच्या ढिगावर येणार नाही असे आधी लिहून घ्यावे.

चोपण जमिनीतले भावंड

आता शेवटचा आणि आपल्या खिशाशी सर्वांत जवळचा भाग. खाणीत तांबे सोडवणाऱ्या जीवाणूची काही भावंडे साध्या जमिनीत राहतात. त्यांना सामू सात-आठ चालतो आणि गंधक आवडतो. शहरातल्या सिमेंटच्या गटारनळांचे छत आतून खातात ती हीच मंडळी. मैल्यातून निघालेल्या गंधकाच्या वायूचे ती आम्ल करतात आणि सिमेंट भुसभुशीत होते. महापालिकेचे नुकसान करणारी ही खोड आपल्या रानात मात्र कामाची आहे.

चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. सोडियम हाकलायला कॅल्शियम लागतो. काळ्या जमिनीत कॅल्शियम भरपूर असतो, पण चुनखडीच्या रूपात, न विरघळणारा. इथे गंधक मिसळला की हे जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. आम्ल चुनखडीला भिडते, जागच्या जागी जिप्सम तयार होते, त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरात उतरतो. खाणीतला रहाटच हा, फक्त तांब्याऐवजी सोडियम. एक टन गंधक पूर्ण वापरला गेला, तर साधारण ५.४ टन जिप्समचे काम करतो. वाहतुकीचा विचार करता ही मोठी गोष्ट आहे.

पण गंधक पसरला आणि विसरलो, असे चालत नाही. जीवाणूला ओल पाहिजे, हवा पाहिजे, ऊब पाहिजे. गंधक जितका बारीक, तितके काम लवकर. सेंद्रिय खत किंवा प्रेसमडबरोबर मिसळला तर उत्तम, आणि लावणीआधी काही आठवडे ओलाव्यात मुरू द्यावा. आपला प्रेसमड सल्फिटेशन पद्धतीचा असल्याने चोपणाला चालतो. चुना-कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याचा प्रेसमड तिथे घालू नये. जमिनीत चुनखडीच नसेल तर गंधकाचा उपयोग नाही, सरळ जिप्सम घालावे. निचऱ्याचे चर नसतील तर दोन्ही खर्च पाण्यात. सुटलेला सोडियम जाणार कुठे? मात्रा किती, हे माती परीक्षणाशिवाय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो दुकानदार असो की पाहुणा. आणि नुसता क्षारपडपणा असेल, सोडियम नसेल, तर गंधकावर पैसे घालवू नयेत; तिथे चर आणि गोडे पाणी हेच औषध.

खोडव्यावर केवडा पडला की आपण हिराकस देतो. हेक्टरी हिराकस २५, झिंक सल्फेट २०, मँगनीज सल्फेट १० आणि बोरॅक्स ५ किलो ही शिफारस बहुतेकांना पाठ आहे. हे दहापट शेणखतात काही दिवस मुरवून द्या, असे सांगतात, ते का? नुसता हिराकस चुनखडीच्या जमिनीत पडला की लगेच तांबडा होऊन निरुपयोगी होतो. शेणखतातल्या जीवाणूंची आम्ले लोखंडाला धरून ठेवतात आणि मुळापर्यंत नेतात. स्फुरद विरघळवणारे, पालाश मोकळे करणारे जीवाणू बाटलीतून मिळतात, त्यांचीही रीत तीच: आम्ल सोडायचे, दगडातले अन्न सुटे करायचे. नवीन असे त्यात काही नाही, विरजणाचीच जात. मात्र कोणी 'धातू खाणारे जीवाणू, एका फवाऱ्यात जमीन विषमुक्त' अशी बाटली घेऊन दारात आला, तर वर काय लिहिले ते आठवावे आणि त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तपासणीचा नमुना घेण्याबद्दल दोन शब्द. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे, कॅडमियम येत नाही; जड धातू तपासून हवेत असे प्रयोगशाळेला वेगळे सांगावे लागते. पाण्यासाठी नवी, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, त्याच पाण्याने तीनदा विसळावी, आणि त्यात टाकायचे आम्ल प्रयोगशाळेकडूनच आणावे. मातीचा नमुना घेताना गंजका फावडा, जस्ताची बादली किंवा खताची जुनी पिशवी वापरू नये, नाहीतर त्यातलेच लोखंड-जस्त अहवालात उमटते. लाकडी खुरपे आणि प्लॅस्टिकचे घमेले चालते. बांधाजवळची, खत टाकलेल्या जागेची आणि पाटाच्या तोंडाची माती धरू नये. पाटाच्या तोंडाचा नमुना हवाच असेल तर तो वेगळ्या पिशवीत, वेगळी चिठ्ठी लावून द्यावा.